आंदण वाटत नाहीत, वापस करतात

‘पोरगी सहा महिन्यांपासून माहेरी आहे. दोघांचं जमत नाही, हे आता दोन्ही घरांनी मान्य केलंय. पण तिचं सामान तिकडेच पडलंय. ते आणायचं कसं, आणि त्यातलं आणायचं काय काय?’

पवनी असो, तुमसर असो की लाखांदूर, फारकतीच्या बैठकीत हा प्रश्न निघतोच. पोटगीचं, मुलांचं बोलणं होतं आणि मग गाडी अडते ती आलमारी, कूलर आणि पितळेच्या गुंडांवर. अशा वेळी कोणीतरी वडीलधारा समजुतीने सांगतो, ‘अर्धं-अर्धं करा अन् मोकळे व्हा.’ ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण या सल्ल्यात एकाची वस्तू दुसऱ्याला जाते आणि ती गेल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. ते कसं, हे या प्रकरणात पायरीपायरीने पाहू.

१. आधी ढीग, मग वाटणी

लग्न झालं की नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एक होते, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. गोव्यात ते बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि वेगळं होताना प्रत्येकाचा निम्मा हिस्सा निघतो.

महाराष्ट्रात तसं नाही. इथे लग्नानंतरही ज्याची वस्तू त्याचीच राहते. एका घरात राहणाऱ्या दोन भाडेकरूंनी आपापल्या वस्तू आणल्या आणि एकमेकांना वापरू दिल्या, तशी ही स्थिती आहे. वापर दोघांचा असतो, मालकी मात्र आपापली.

म्हणून पहिलं काम वाटणीचं नाही, निवडण्याचं आहे. तांदूळ निवडताना खडे बाजूला काढतो, तसे घरातल्या सामानाचे ढीग करायचे. एक ढीग तिचा, एक त्याचा, एक दोघांचा. चौथा छोटा ढीग इतरांचा: मुलांची पुस्तकं, सायकल आणि दाखले मुलांसोबत जातात, सासूने फक्त लग्नापुरता घालायला दिलेला हार सासूचा.

यातला फक्त तिसरा ढीग वाटायचा असतो. पहिले दोन ज्याचे त्याला वापस करायचे असतात. ‘वापस करणं’ आणि ‘वाटणं’ यांतला फरक हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

२. तिचा ढीग: आंदण म्हणजे स्त्रीधन

मुलीला लग्नात माहेरहून मिळालेल्या संसाराच्या सामानाला आपल्या भागात आंदण म्हणतात. आलमारी, दिवाण, गुंड, गंज, कोपर, गंगाळ, कूलर, शिलाई मशीन. कुठे गाय, कुठे दोन शेळ्या. कायद्यात यासाठी जुना शब्द आहे, स्त्रीधन. मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ टीकेने त्याची व्याप्ती आणखी वाढवली.

आज स्त्रीधनात काय येतं? लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर तिला भेट मिळालेलं सगळं. भेट माहेरची असो, सासरची असो, मैत्रिणीची असो की खुद्द नवऱ्याची. सासरच्यांनी अंगावर घातलेली पोत तिला भेट म्हणून दिली असेल, तर ती तिचीच. तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेली वस्तूही तिचीच, कारण ती कमाई तिची.

एके काळी काही न्यायालयांचं मत असं होतं की, बाईने सासरचा उंबरठा ओलांडला की तिच्या वस्तू घराच्या सामाईक होतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च १९८५ रोजी प्रतिभा राणी खटल्यात हे मत खोडून काढलं. स्त्रीधनाची मालकी पूर्णपणे तिची आहे. नवरा आणि सासरचे लोक ते फक्त सांभाळणारे आहेत, असं न्यायालयाने सांगितलं.

हे समजायला एक घरगुती उदाहरण पुरे आहे. शेजारीण गावाला जाताना तिचा हंडा तुमच्याकडे ठेवून गेली. तुम्ही तो वापरलात, घासलात, कल्हई केलीत. चार वर्षांनी ती परत आली तर ‘अर्धा हंडा माझा’ असं तुम्ही म्हणाल का? मागूनही दिला नाही, तर त्याला विश्वासाने ठेवलेली वस्तू गिळणं म्हणतात. कायद्यात त्याचं नाव फौजदारी न्यासभंग. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४०६ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येतो.

पण नवऱ्याने अडचणीत बायकोचे दागिने गहाण टाकले असतील तर? केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०२४ रोजी यावर स्पष्ट निकाल दिला. संकटात नवरा ते वापरू शकतो, पण ते किंवा त्यांची किंमत पत्नीला परत करणं त्याचं कर्तव्य आहे. त्या पत्नीला २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला.

हुंड्याचं काय, हा पुढचा प्रश्न. हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे. तरीही घेतला असेल, तर १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याचं कलम ६ सांगतं की तो तीन महिन्यांच्या आत त्या मुलीच्या हवाली झाला पाहिजे, आणि तोपर्यंत घेणाऱ्याने तो तिच्यासाठीच सांभाळायचा आहे. म्हणून हुंड्यात घेतलेली मोटारसायकल ‘जावयाला दिली होती’ एवढ्यावर त्याची ठरत नाही.

३. भांड्याच्या काठावरचं नाव

आता पुराव्याकडे येऊ. वस्तू तिची आहे हे दाखवायचं कसं?

भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. इथल्या घरातला जुना गुंड उचलून त्याचा काठ उजेडात धरून पाहा. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं दिसतील: आधी ‘चि. सौ. कां.’, मग मुलीचं नाव, मग ‘हिस’, मग ‘मामाकडून लग्नाप्रीत्यर्थ भेट’ आणि शेवटी तारीख. घासून घासून अक्षरं बुजत आली तरी बोट फिरवल्यावर लागतात.

ही ओळ म्हणजे बोलका पुरावा आहे. १९८५ मध्ये केंद्र सरकारने लग्नातल्या भेटींच्या यादीचे नियम केले. २ ऑक्टोबर १९८५ पासून ते लागू आहेत. त्यानुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्यांची वराने ठेवायची. यादीत चार गोष्टी हव्यात: वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं असल्यास ते नातं. खाली दोघांच्या सह्या.

आता गुंडाकडे परत पाहा. वस्तू समोर आहे, देणाऱ्याचं नातं लिहिलेलं आहे. कमी आहे ते त्याचं नाव, किंमत आणि सह्या. नियम झाले त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या-मावश्या त्यातला मोठा भाग भांड्यावर कोरून घेत होत्या.

त्यातला ‘हिस’ हा शब्द सगळ्यात मोलाचा. ‘हिस’ म्हणजे तिला, एकटीला. म्हणून ते भांडं स्त्रीधन. त्याऐवजी ‘उभयतांस’ किंवा ‘नवदांपत्यास’ असं कोरलं असेल, तर भेट दोघांना दिलेली आहे आणि ती तिसऱ्या ढिगात जाते.

कूलरवर मात्र कोणी नाव कोरत नाही. तिथे दुसरे पुरावे लागतात: दुकानाचं बिल, सोनाराची पावती, लग्नातले फोटो आणि व्हिडिओ, मांडवात मांडलेल्या आंदणाचे फोटो, अहेराची वही, साक्षीदार. गॅसजोडणीचंही पाहा. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत जोडणी घरातल्या बाईच्याच नावावर मिळते, म्हणून कागद आधी वाचा.

बिल हरवलं म्हणून दावा बुडत नाही. अशा प्रकरणात ‘तसूभरही शंका नको’ इतका कडक पुरावा लागत नाही. कोणाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त, हे न्यायालय तोलून पाहतं. पण पारड्यात टाकायला काहीतरी लागतंच. तोंडी ‘दहा तोळे दिले होते’ आणि फोटोत गळ्यात दिसणारा हार यांचं वजन सारखं नसतं.

४. गाय तिची, मग वासरू कोणाचं?

घरातल्या वस्तू आहेत तशा राहत नाहीत. त्या झिजतात, बदलतात, वाढतात. अशा तीन प्रसंगांचं उत्तर पाहू.

पहिला, वाढीचा. आंदणात आलेली गाय सासरी व्याली. वासरू कोणाचं? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ठेवीच्या वस्तूंबद्दल कलम १६३ आहे आणि त्यात उदाहरणच गाईचं दिलेलं आहे: एकाने दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली, तिला वासरू झालं, तर सांभाळणाऱ्याने गाईबरोबर वासरूही परत करावं. सासर हे आंदणाचं सांभाळणारं आहे, हे एकदा मानलं की बैठकीत हाच न्याय लावता येतो. चाऱ्याचा खर्च कोणी काढलाच, तर दुधाचाही हिशेब काढावा. बहुतेकदा दोन्ही फिटतात.

दुसरा, बदलाचा. आंदणातलं पितळ मोडीत दिलं आणि त्या पैशांत स्टीलची भांडी घेतली. पितळ तिचं होतं, म्हणून त्याच्या बदल्यात आलेलं स्टीलही तिचं. सोन्याचंही तसंच. तिच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या, वरून एक तोळ्याची भर घातली आणि तीन तोळ्यांचा हार केला. त्यातले दोन तोळे तिचे हे उघड आहे. उरलेला एक कोणी, कशासाठी घातला ते पाहायचं. नवऱ्याने तिला भेट म्हणून घातला असेल तर तोही तिचाच.

तिसरा, झिजेचा. आठ वर्षं वापरलेला कूलर नव्याच्या किमतीने मागता येत नाही. आहे तसा घ्यायचा. पण तो कोणी विकून टाकला असेल, तर विकतानाच्या अवस्थेतली किंमत मागता येते.

५. दोघांचा ढीग आणि कलम २७

१९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुलीचा वारसाहक्क, बाईची मालमत्तेवरची पूर्ण मालकी आणि घटस्फोट हे त्या बिलाचे मोठे मुद्दे होते. १९५४ मध्ये बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते आपल्याच भंडारा मतदारसंघातून. ते हरले. पण पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, त्या बिलाचा एक तुकडा हिंदू विवाह कायदा म्हणून मंजूर झाला. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख विवाहांनाही तो लागू आहे.

त्याचं कलम २७ आपल्या तिसऱ्या ढिगाबद्दल आहे. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या वस्तूंबद्दल न्यायालय घटस्फोटाच्या हुकुमातच योग्य ती व्यवस्था लावू शकतं. ‘सुमारास’ या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सैल केला: भेट लग्नाआधीची असो की नंतरची, तिचा लग्नाशी संबंध दिसला पाहिजे.

लग्नानंतर पाच वर्षांनी दोघांनी पैसे घालून घेतलेला फ्रीज मात्र लग्नाची भेट नाही. त्याची मालकी पैसे कोणी घातले यावरून ठरते. हप्ते बाकी असतील तर वस्तूबरोबर कर्जही मोजायचं. १२ हजारांच्या टीव्हीवर ५ हजारांचे हप्ते राहिले असतील, तर वाटायला ७ हजारच आहेत. बायकोच्या नावावर बचत गटाचं कर्ज काढून नवऱ्याला वस्तू घेतली असेल, तर त्या कर्जाचं काय हे वस्तू उचलण्याआधी ठरवा.

आणि पैसे म्हणजे फक्त मजुरी किंवा पगार नव्हे. रोवणीला दोघं राबली आणि धानाचा चुकारा त्याच्या खात्यात आला, तर त्या पैशांतून आलेली वस्तू ‘त्याने घेतली’ असं म्हणणं खोटं आहे. कायद्याला कागद दिसतात, बैठकीतल्या माणसांना घाम माहीत असतो. तो त्यांनी मोजला पाहिजे.

६. वाटणीचं गणित

आता तिसरा ढीग समोर आहे. तो कसा वाटायचा? तीन साध्या रीती पुरतात.

पहिली रीत भावाभावांच्या वाटणीतली: एकाने दोन वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. वाटे करणारा ते सारखे करतो, कारण कमी पडलेला वाटा त्यालाच मिळणार असतो.

दुसरी रीत गुणांची. अमेरिकेतल्या स्टीव्हन ब्रॅम्स आणि ॲलन टेलर यांनी १९९० च्या दशकात ती मांडली. प्रत्येकाने आपले १०० गुण वस्तूंवर विभागून चिठ्ठीत लिहायचे, एकमेकांना न दाखवता. समजा असं आलं:

बायको: फ्रीज ३५, शिलाई मशीन ३०, कूलर २०, टीव्ही १०, दिवाण ५.
नवरा: फ्रीज ३०, टीव्ही ३०, कूलर २५, दिवाण १०, शिलाई मशीन ५.

ज्याचे गुण जास्त त्याला वस्तू. तिला फ्रीज आणि शिलाई मशीन, म्हणजे तिच्या मोजमापाने ६५. त्याला टीव्ही, कूलर आणि दिवाण, म्हणजे त्याच्या मोजमापाने ६५. दोघांनाही निम्म्याहून जास्त मिळालं! असं होतं, कारण वस्तूची किंमत बाजारात एक असली तरी गरज दोघांची वेगळी असते. शिलाई मशीन तिची रोजी आहे, त्याच्यासाठी तो कोपऱ्यातला पसारा. प्रत्येक वेळी बेरीज इतकी जुळत नाही. फरक राहिला तर थोड्या पैशांनी भरून काढायचा.

तिसरी रीत एकाच वस्तूवर दोघं अडली तर. ती पोलंडचे गणितज्ञ ब्रोनिस्लाव्ह क्नास्टर यांची. फ्रीजची आपल्या मते किंमत दोघांनी चिठ्ठीत लिहायची. तिने लिहिले ८ हजार, त्याने ६ हजार. फ्रीज तिला. तिच्या मते तिचा हक्क निम्म्याचा, म्हणजे ४ हजारांचा. म्हणून वरचे ४ हजार तिने मध्ये ठेवायचे. त्याच्या मते त्याचा निम्मा हिस्सा ३ हजार. तो त्याने उचलायचा. उरलेले १ हजार दोघांत पाचशे-पाचशे. म्हणजे तिने शेवटी ३,५०० रुपये दिले आणि फ्रीज नेला. आपापल्या अंदाजाने दोघांनाही हक्कापेक्षा पाचशे जास्त मिळाले.

या तिन्ही रीती फक्त तिसऱ्या ढिगासाठी आहेत. आंदणावर गुण लावू नका.

७. सामान उचलण्याचा दिवस

ठरलेलं सगळं या एका दिवशी बिघडू शकतं. टेम्पो दारात उभा असतो, शेजारी बघत असतात, आवाज चढतात. म्हणून तयारी आधी करावी.

सगळ्यात आधी कागद मागावेत: आधार, शाळा-कॉलेजचे दाखले, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले. आलमारी महिनाभर उशिरा आली तरी चालेल, दाखला अडला तर नोकरी अडते.

दोन्हीकडची मोजकी माणसं जावीत. यादीच्या दोन प्रती असाव्यात. वस्तू टेम्पोत चढली की दोन्हीकडे खूण करावी. कूलर, मिक्सर, मशीन लावून पाहूनच खूण करावी. आलमारीची किल्ली आणि आतला चोरकप्पा विसरू नये. शेवटी दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, फोटो आणि तारीख.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. सामान मिळाल्याच्या पावतीवर ‘आता माझा कोणताही हक्क उरला नाही’ अशी ओळ अनेकदा घातली जाते. सामानाची पावती सामानापुरतीच असावी. पोटगी आणि मुलांचा प्रश्न वेगळा आहे. स्टॅम्प पेपरवर लिहिलेल्या फारकतीचंही असंच. समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध झालं तरच तिला घटस्फोटाचं बळ येतं. नाही तर न्यायालयाचा हुकूम लागतो. मात्र त्या कागदावरची सामानाची यादी पुरावा म्हणून उपयोगी पडते, म्हणून कागद फेकू नये.

८. ‘देत नाही’ म्हटलं तर

बैठकीत सुटलं तर उत्तमच. नाही सुटलं तरी दारं बंद होत नाहीत.

भंडाऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात त्यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही. मध्यस्थीचीही सोय तिथे होते.

दुसरा मार्ग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा. तिचं सामान अडवून ठेवणं हा त्या कायद्याने आर्थिक छळ आहे. छळाची नोंद घेऊन अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. कलम १९ खाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा हुकूम देऊ शकतात आणि कलम १८ खाली दागिने, लॉकर यांना हात लावू नये असं आधीच बजावू शकतात. अर्ज सासरच्या गावीच करावा लागत नाही. ती सध्या माहेरी पवनीला किंवा साकोलीला राहत असेल, तर तिथल्या न्यायालयातही करता येतो. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच म्हणतो. हा कायदा धर्म-जमात पाहत नाही. ज्यांना हिंदू विवाह कायदा लागू नाही त्या गोंड बाईलाही तो उपयोगी आहे. मुस्लिम बाईसाठी १९८६ चा वेगळा कायदाही आहे. लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तिला मिळालेल्या वस्तू तिच्याच, असं तो सांगतो.

‘आता फार वर्षं झाली’ म्हणून हातपाय गाळू नका. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, स्त्रीधन अडवून ठेवणं हा चालू राहणारा अपराध आहे. जोवर ते परत मिळत नाही तोवर तो घडतच असतो.

हे मार्ग बाईचे आहेत, म्हणून दुसऱ्या ढिगाचा मालक वाऱ्यावर नाही. त्याची अवजारं, त्याच्या आईचे दागिने, त्याच्या पैशांची वस्तू तिकडे गेली असेल, तर तोही दिवाणी दावा करून मागू शकतो. ज्याचं त्याला, हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो.

९. लग्नघरासाठी दोन पानं

या प्रकरणाचा खरा उपयोग फारकतीच्या बैठकीआधी, लग्नाच्या मांडवात आहे. पण मांडवात यादी काढायला लोक बिचकतात; मोडण्याचा विचार करून कोणी लग्न लावत नाही. मग यादीला अहेराच्या वहीची शेवटची दोन पानं समजा. अहेराची वही आपण लिहितोच, कारण कोणी काय दिलं ते लक्षात ठेवून पुढे फेडायचं असतं. तिथेच मुलीला मिळालेल्या वस्तू लिहा: वस्तू, किंमत, देणारा, नातं. खाली दोघांच्या सह्या घ्या. एक फोटो मुलीच्या फोनमध्ये, एक तिच्या आईकडे.

आणि गुंडावर नाव घालून घ्या, जसं आपल्या घरात चालत आलंय तसं. संसार नीट चालला, तर तिची नात एक दिवस काठावर बोट फिरवत विचारेल, हा मामा कोण गं? नाहीच चालला, तर भरल्या अंगणात कोणालाही आवाज चढवावा लागणार नाही. गुंड उजेडात धरायचा आणि ‘हिस’ वाचून तो टेम्पोत चढवायचा.